नाशिकच्या कॉलेज रोडवरची ‘विशेष दूत’ कार्यशाळा: पैसे वसूल होतात, पण दक्षिण कोरिया राहून जातो

भाची यूपीएससीची तयारी करते. तिच्या क्लासने रविवारची एक कार्यशाळा ठेवली होती, विषय होता ‘उत्तर कोरियाशी बोलायला दूत कसा नेमावा’. बाहेरच्यांनाही प्रवेश होता. फी १,८०० रुपये, नोट्स आणि जेवण धरून. मी सातपूरच्या कारखान्यात नोकरी केली आणि युनियनच्या वाटाघाटी समितीवर बरीच वर्षं बसले. त्यामुळे विषय कानावर पडताच तिच्याबरोबर माझंही नाव नोंदवायला सांगितलं. आता पुढच्या तुकडीची जाहिरात फिरतेय आणि ओळखीचे विचारतायत, म्हणून सविस्तर लिहिते.

जागेचं आधी उरकते. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खुर्च्या ठीक, पंखे पुरेसे, पण माइक मध्येच बंद पडायचा आणि मागच्या दोन रांगांना सरांचं निम्मं ऐकू जात नव्हतं. नोट्सच्या झेरॉक्स इतक्या फिकट की नकाशावर योंगब्योन हे उत्तर कोरियाचं अणुकेंद्र शोधायला भाचीने मोबाइलचा टॉर्च लावला. जेवण साधं आणि चांगलं. पार्किंग नाही, रिक्षाने जा.

आता मुख्य गोष्ट. ही कार्यशाळा मला मनापासून आवडली, कारण सरांनी सुरुवात क्षेपणास्त्रांपासून केली नाही, नेमणुकीच्या पत्रापासून केली. दूत किती हुशार आहे हे नंतर बघू, आधी त्याला काय कबूल करायचा अधिकार आहे ते सांगा, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि शेवटपर्यंत पुसलं नाही. वेतन कराराच्या टेबलावर मी आयुष्य काढलं. समोरचा माणूस प्रत्येक मागणीला ‘वर विचारून सांगतो’ म्हणायला लागला की करार त्याच्याशी होत नाही, वरच्याशी होतो, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. इथे तेच देशांच्या पातळीवर, तारखांसकट समोर आलं.

पहिलं उदाहरण १९९४ चं. जिमी कार्टर जूनमध्ये प्योंगयांगला, म्हणजे उत्तर कोरियाच्या राजधानीत, गेले तेव्हा ते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष होते, सरकारचे दूत नव्हते. तिथला सर्वोच्च नेता किम इल सुंग याच्याशी बोलून त्यांनी अणुकार्यक्रम गोठवण्याची तयारी मिळवली आणि तिथूनच सीएनएनवर जाहीरही करून टाकली. ८ जुलैला किम इल सुंग वारला, तरी २१ ऑक्टोबरला जिनिव्हात करार झालाच, कारण तोवर अमेरिकेचे वाटाघाटीकार रॉबर्ट गलुची यांच्या हातात सरकारचा अधिकार होता. अणुकार्यक्रम गोठवण्याच्या बदल्यात उत्तर कोरियाला विजेसाठी दोन हलक्या पाण्याच्या अणुभट्ट्या आणि त्या होईपर्यंत वर्षाला ५ लाख टन जड इंधन तेल.

विल्यम पेरी यांच्यावर सरांनी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो सार्थकी लागला. हेच पेरी १९९४ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री असताना योंगब्योनवर हल्ल्याच्या योजनेचा विचार करत होते. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी त्यांनाच उत्तर कोरिया धोरणाचा समन्वयक केलं. पेरींनी आधी सोल आणि टोकियोला, म्हणजे दक्षिण कोरिया आणि जपानला, विश्वासात घेतलं, मग मे १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्षांचं पत्र घेऊन प्योंगयांगला गेले. किम इल सुंगचा मुलगा आणि तेव्हाचा नेता किम जाँग इल याची भेट मिळाली नाही. तरी वाट उघडली: ऑक्टोबर २००० मध्ये जो म्योंग रोक हा लष्करातला बडा माणूस वॉशिंग्टनला आला आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट प्योंगयांगला गेल्या. माझ्या मते दूत नेमायचा तर असा, ज्याच्याकडे धाक दाखवायचीही ताकद होती आणि ज्याचा शब्द घरी कोणी खोडून काढणार नव्हतं.

उलट टोकाला अमेरिकेचे सहायक परराष्ट्रमंत्री जेम्स केली. ऑक्टोबर २००२ मध्ये ते गेले ते उत्तर कोरिया बॉम्बसाठी युरेनियम समृद्ध करतोय हा आरोप घेऊन, आणि बोलणी करायची मुभाच त्यांना नव्हती. ठरवून दिलेलं निवेदन मांडायचं आणि परत यायचं. जिनिव्हा करार त्यानंतर काही महिन्यांत मोडला, जानेवारी २००३ मध्ये उत्तर कोरियाने अण्वस्त्रप्रसारबंदी करारातून बाहेर पडल्याचं जाहीर केलं, ९ ऑक्टोबर २००६ ला त्यांची पहिली अणुचाचणी झाली. केलींना थोडी मोकळीक असती तर चित्र बदललं असतं का, यावर हॉलमध्ये चांगलीच जुंपली. मला वाटतं बदललं असतं. निदान टेबल तरी उलटलं नसतं.

जेवणानंतर प्रात्यक्षिक झालं, आणि या कार्यशाळेचं खरं मोल त्यात आहे. प्रसंग फेब्रुवारी २०१९ चा, हनोईत झालेल्या ट्रम्प आणि किम जाँग उन यांच्या भेटीच्या आधीचा. मुलांचे दोन गट केले आणि प्रत्येक गटाला खाकी पाकिटात बंद सूचना दिल्या. भाची अमेरिकेचे दूत स्टीफन बीगन यांच्या गटात, समोर सिन्नरचा एक मुलगा उत्तर कोरियाचा वाटाघाटीकार किम ह्योक चोल म्हणून. तिने पूर्ण तयारी केली होती: अणुकार्यक्रमाची यादी कधी देणार, निरीक्षक कधी येऊ देणार, त्याबदल्यात काय हवं. अण्वस्त्रांचा विषय निघाला की तो मुलगा शांतपणे एकच वाक्य म्हणायचा, ‘हा विषय अध्यक्षांच्या पातळीवरचा आहे.’ तिने प्रश्न फिरवून विचारला, तेच. नकाशा पुढे सरकवला, तेच. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘मावशी, याच्याशी बोलायचं काय मग?’ सरांनी पाकीट उघडून वाचून दाखवलं, त्यात खरोखर तेवढंच लिहिलं होतं. हनोईच्या आधी उत्तर कोरियाच्या वाटाघाटीकारांना अण्वस्त्रांवर बोलायची मुभा नव्हती, असं अमेरिकी बाजूने पुढे सांगितलं गेलं. मग दोन नेते समोरासमोर बसले. किम जाँग उनने योंगब्योन द्यायची तयारी दाखवली आणि २०१६-१७ चे मुख्य निर्बंध उठवायला सांगितले, ट्रम्पनी नकार दिला आणि भेट कराराविना संपली. मधली माणसं आधीच काही जमवू शकली नव्हती, म्हणून सावरायलाही कोणी नव्हतं. हे कोणत्याही गाइडमध्ये वाचून इतकं डोक्यात बसत नाही.

अर्धवेळ दूतांचा मुद्दाही नेमका होता. स्टीफन बॉसवर्थ २००९ मध्ये अमेरिकेचे दूत नेमले गेले तेव्हा फ्लेचर स्कूल या अमेरिकी शिक्षणसंस्थेचे डीन होते आणि ते पद त्यांनी सोडलं नाही. २०२१ मध्ये सुंग किम नेमले गेले ते इंडोनेशियातलं राजदूतपद सांभाळून. समोरच्याला यातून काय कळतं? की आपलं काम यांच्या यादीत खाली आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ट्रम्पनी रिचर्ड ग्रेनेल यांना विशेष कामगिऱ्यांसाठी निवडलं, तेव्हा व्हेनेझुएला आणि उत्तर कोरिया ही दोन्ही नावं एकाच दमात घेतली. याबद्दल सर बोलले, पण घाईत. इथे थांबायला हवं होतं, कारण आजचा खरा प्रश्न हाच आहे: २०२२ च्या कायद्याने अण्वस्त्रं सोडणार नाही असं ठरवलेल्या आणि २०२४ च्या जूनमध्ये रशियाशी करार केलेल्या देशाला दूताची गरज का वाटावी? मला अजूनही वाटतं की दूत असावाच. अमेरिकेचे दूत जोसेफ युन जून २०१७ मध्ये प्योंगयांगला जाऊन तिथे कैदेत असलेल्या ऑटो वॉर्मबियर या अमेरिकी विद्यार्थ्याला घरी घेऊन आले. तो मुलगा बेशुद्धावस्थेत होता आणि काही दिवसांत गेला, पण आईवडिलांच्या जवळ गेला. एवढ्यासाठीसुद्धा ओळखीचा माणूस आणि चालू असलेला फोन लागतो.

माझी मोठी तक्रार वेगळी आहे. दिवसभर सगळं वॉशिंग्टनच्या खुर्चीतून सांगितलं गेलं. मार्च २०१८ मध्ये प्योंगयांगला जाऊन किम जाँग उनला भेटणारे आणि तिथला निरोप व्हाइट हाउसला पोचवणारे चुंग ई योंग आणि सुह हून हे दक्षिण कोरियाचे दूत होते. त्यांच्या वाट्याला एक ओळ आली. ज्यांचे नातेवाईक सीमेपलीकडे आहेत, त्यांचा दूत एका ओळीत संपवायचा नसतो.

आणि आपला भाग पूर्ण गाळला. १९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबल्यावर मायदेशी परतायला तयार नसलेले २२ हजारांवर युद्धकैदी भारताच्या ताब्यात दिले गेले. या कैद्यांचा प्रश्न सोडवणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांची जबाबदारी घेतलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपले शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू देणार नाही म्हटलं, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने सीमेवर उतरवावं लागलं. दोन्ही बाजूंचा संशय अंगावर घेऊन मध्ये उभं राहणं याहून स्पष्ट कुठे दिसेल? देवळाली कॅम्प ज्या शहराला खेटून आहे तिथल्या मुलांना थोरातांचं नाव या विषयात ऐकायला मिळू नये, याचं मला फार वाईट वाटलं. मी उठून सांगितलं. सर म्हणाले, ‘ताई, पुढच्या वेळी घेतो.’ प्योंगयांगमध्ये भारताचा दूतावास आहे आणि २०१८ च्या मे महिन्यात तेव्हाचे परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग तिथे जाऊन आले, हेही त्यांना घेता येईल.

कोणी जावं? मुख्य परीक्षा देणाऱ्यांनी जरूर. वाटाघाटी करणाऱ्या कोणीही, मग तो युनियनचा असो की सोसायटीचा. नुसत्या परीक्षेपुरत्या नोट्स हव्या असतील तर जाऊ नका, त्या फिकट झेरॉक्स तुमच्या कामाच्या नाहीत. पुढे बसा. आणि नाव नोंदवताना थोरात आणि दक्षिण कोरियाचे दूत यावेळी घेणार का, हे फोनवर स्पष्ट विचारून घ्या. चारजणांनी विचारलं तर ते घेतील.