डीबीए आणि कुर्त्रे १३०२: काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

आधी काय वापरलं ते सांगतो. हा टेबलवर छोट्या सैनिकांच्या फिगर्स मांडून जुन्या लढाया खेळायचा खेळ, वॉरगेम. रूल्स डीबीए, म्हणजे डी बेलिस अँटिक्विटाटिस, १९९० पासून चालत आलेले, आम्ही ३.० आवृत्ती वापरतो. फिगर्स १५ एमएम, रेझिनमध्ये प्रिंट करून घेतलेल्या. आणि लढाई आजच्या बेल्जियममधल्या कुर्त्रेची, ११ जुलै १३०२, एका बाजूला फ्लँडर्सच्या शहरांमधले विणकर, खाटीक, कारागीर आणि खेड्यातले शेतकरी, सगळे पायदळ, आणि समोर फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने पाठवलेले नाईट्स, म्हणजे चिलखती घोडेस्वार सरदार. उन्हाळ्यात सुरू केलं होतं, दिवाळी होऊन गेली तरी आमच्या चौघांचं मन दुसऱ्या लढाईवर जात नाहीये, तर म्हटलं आता लिहूनच टाकावं.

डीबीए का, तर जागा आणि वेळ. प्रत्येक बाजूला फक्त १२ एलिमेंट, म्हणजे एका पट्टीवर चिकटवलेल्या फिगर्सच्या तुकड्या, दोन फुटी चौकोनी बोर्ड, तासाभरात डाव संपतो. पुण्यातल्या टू बीएचकेमध्ये सहा फुटी टेबल कोण ठेवणार? हे डायनिंग टेबलवर मांडता येतं, जेवायच्या वेळेला उचलता येतं, आणि एका दुपारी बाजू बदलून दोन डाव होतात. बाजू बदलून खेळणं फार महत्त्वाचं आहे, त्याशिवाय ही लढाई कळतच नाही असं माझं मत आहे.

रूल्सचा जीव पिप्समध्ये आहे. दर टर्नला एक फासा टाकायचा, जेवढे पडतील तेवढे पिप्स, आणि तेवढेच एलिमेंट किंवा ग्रुप हलवायचे. ६ पडले तर सगळी फौज तुमचं ऐकते, १ पडला तर एकच ग्रुप हलतो आणि बाकीचे उभे. सेनापतीचं ऐकू जाणं न जाणं एवढ्या साध्या पद्धतीने दुसऱ्या कुठल्या रूल्समध्ये मी बघितलेलं नाही.

पण नुसत्या पुस्तकातल्या डीबीएवर कुर्त्रे होत नाही, हे पहिल्या दोन-तीन डावांतच दिसलं. तिथलं मैदान म्हणजेच अर्धी लढाई आहे. फ्लेमिशांच्या पुढे दोन ओढे, ग्रोनिंगे आणि ग्रोटे बेक, पाठीमागे लिस नदी, म्हणजे पळायला जागाच नाही, आणि मागच्या बाजूलाच कुर्त्रेचा किल्ला ज्यात फ्रेंच शिबंदी अडकलेली. फ्लेमिशांनी तो वेढला होता आणि तो वेढा उठवायलाच फ्रेंच सेनापती रॉबर्ट ऑफ आर्त्वा आला होता. म्हणून आम्ही घरचे नियम केले. ओढा ओलांडताना ग्रुप तुटतो, प्रत्येक एलिमेंटला वेगळा पिप लागतो. ओढा पाठीशी असताना मागे हटावं लागलं तर एलिमेंट गेलाच. आणि १० टर्नमध्ये फ्रेंचांनी फळी फोडली नाही तर किल्ला पडला असं समजायचं, डाव फ्लेमिशांचा.

हे तीन नियम घातल्यावर जे झालं त्यासाठीच हा सगळा खटाटोप सार्थकी लागला असं मी म्हणेन. कारण लहानपणापासून आपण वाचत आलो की नाईट्स गर्विष्ठ होते, घाईने धावले आणि खड्ड्यात पडून मेले. खड्ड्यांची गोष्ट हरल्यानंतर फ्रेंच बाजूने बरीच रंगवली गेली, प्रत्यक्षात बरेचसे नाईट्स ओढे पार करून व्यवस्थित भिडले होते. फ्रेंच क्रॉसबोवाल्यांनी सुरुवातीला फ्लेमिश नेमबाजांना मागे रेटलंही होतं आणि मग आर्त्वाने आपलं पायदळ मागे बोलावून घोडदळ सोडलं. इथे सगळे त्याला नावं ठेवतात. तुम्ही फ्रेंच बाजू घेऊन बसा आणि बघा, क्रॉसबो आणखी दोन टर्न पुढे ठेवायचे तर पिप्स तिकडे जातात, नाईट्स मागे तसेच उभे, टर्न संपत चाललेत, आणि फ्लेमिश फळी थोडी पुढे सरकून ओढ्याच्या जवळ उभी राहिली की धावायला मिळणारी जागाही गेली. चौघांपैकी प्रत्येकजण फ्रेंच घेतल्यावर कधी ना कधी क्रॉसबो मागे घेऊन नाईट्स सोडतोच. आर्त्वाचा निर्णय मला आता मूर्खपणाचा वाटत नाही, अवघड वाटतो.

एक टर्न सांगतो, तो डोक्यातून जात नाही. फ्रेंचांना ५ पिप, मधल्या फळीसमोर चार नाईट्स ओढ्यापलीकडे पोचलेले. मध्यभागी ब्रुगेच्या आसपासच्या खेड्यांतली माणसं होती, खऱ्या लढाईतही फळी तिथेच वाकली होती. लढतीचा फासा, नाईट्सचा ५, फ्लेमिशांचा १. मोकळ्या जमिनीवर नाईट्सकडून हरलेले भालेवाले मागे सरकत नाहीत, एलिमेंट सरळ उचलायचा. भगदाड पडलं. आणि मग नाईट्सना पाठलाग सक्तीचा, खेळाडूची इच्छा असो नसो, तो एलिमेंट पुढे घुसला आणि एकटा पडला. फ्लेमिशांना फक्त २ पिप, पण यान व्हान रेनेसेची राखीव तुकडी मागे होती, ती बाजूने लागली, आणि शेजारचे दोन नाईट्स मागे रेटले गेले ते थेट ओढ्यात. टेबलभोवती एवढा आरडाओरडा झाला की शेजारी बेल वाजवून विचारून गेले. खऱ्या लढाईतही रेनेसेच्या राखीव तुकडीनेच मधली फळी सावरली होती, आणि आम्ही तसं काही ठरवून केलेलं नव्हतं!

आता जे पटलं नाही ते. डीबीएत तुकडीची प्रत, म्हणजे दर्जा, धरत नाहीत, भालेवाला म्हणजे भालेवाला. पण इथे तर प्रतीचाच प्रश्न आहे, गी ऑफ नामूर आणि विल्यम ऑफ युलिख हे दोघे सरदार घोडे मागे पाठवून कारागिरांच्या रांगेत पायी उभे राहिले, त्याने माणसं टिकली, हे रूल्समध्ये कुठे दाखवणार? आम्ही सेनापतीच्या एलिमेंटला चिकटलेल्यांना +१ देऊन बघितलं, पण मग फ्रेंचांना काही उरतच नाही, काढून टाकलं. शिवाय कैदी घ्यायचे नाहीत हा फ्लेमिशांचा हुकूम, त्यामुळे हजारावर सरदार-नाईट्स मेले, आर्त्वा स्वतः मेला, ही भीषणता चार एलिमेंट गेले की डाव संपला या हिशोबात येत नाही. मेलेल्यांचे सोनेरी स्पर, म्हणजे घोड्याला टाच मारायच्या बुटावरच्या आरा, गोळा करून कुर्त्रेच्या चर्चमध्ये टांगले होते, १३८२ मध्ये फ्रेंच ते परत घेऊन गेले. आणि रूल्सची भाषा इतकी आखडती की एकेक वाक्य दोनदा-तीनदा वाचावं लागतं, नवीन माणसाला पुस्तक हातात देऊ नका, शेजारी बसवून शिकवा.

फिगर्सबद्दल. प्रिंटचा पहिला लॉट ठिसूळ निघाला, भाले हात लावला की मोडायचे. आम्ही सगळे भाले कापून खराट्याच्या हिराची बारीक टोकं सुपरग्लूने लावली, अजून एकही तुटलेला नाही. गुडेंडाग, म्हणजे फ्लेमिशांचा तो जाड सोटा आणि टोकाला लोखंडी खिळा, त्यासाठी तर हीर एकदम फिट. ढाली आणि निशाणं रंगवायला ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजमधल्या कुर्त्रेच्या लाकडी पेटीचे फोटो बघा, त्यावर ही लढाई कोरलेली आहे, गिल्डची, म्हणजे कारागिरांच्या संघांची, निशाणं, हत्यारं सगळं. आर्त्वाची ढाल, निळ्यावर सोनेरी लिली आणि वर लाल पट्टी, १५ एमएमवर डोळे दुखवते पण करा, टेबलवर तीच आधी दिसते. पट्टीतले सोनेरी किल्ले सोडून दिले तरी चालतं. स्प्रे वार्निश पावसाळ्यात मारू नका, दमट हवेत पांढरट थर बसतो, ब्रशने लावा.

घ्यायचं असेल तर आधी एका बाजूचे बाराच प्रिंट करा, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याचे ४० एमएमचे तुकडे कापून त्यावर नावं लिहून खेळा. आम्ही आता सें पॉल या फ्रेंच सरदाराची मागची तुकडी वेगळी ठेवून बघणार आहोत, ती त्या दिवशी लढलीच नाही, निघून गेली. ती कधी आत येईल यासाठी फासा ठेवायचा की खेळाडूवर सोडायचं यावर आमच्यात अजून वाद चालू आहे, मी फाशाच्या बाजूने आहे.