फर्स्ट कॉपी सबमरिनर: वरून पाह्यली, मग झाकण उघडून पाह्यली

निकाल आधीच सांगून टाकतो भो, म्हणजे घाईत असाल तं इथूनच सोडून द्या: दिसायला दहापैकी आठ, घड्याळ म्हणून दहापैकी तीन.

वस्तू कोणती तर सबमरिनर या रोलेक्स कंपनीच्या पाणबुड्या ढंगाच्या (डायव्हर) घड्याळाची फर्स्ट कॉपी, म्हणजे हुबेहूब नक्कल, काळी डायल, काळी बेझल (काचेभोवतीचं फिरतं कडं), स्टीलचा पट्टा. मावसभावाने साखरपुड्यासाठी साडेसहा हजाराला घेतली, कॉपी आहे हे माहीत असून घेतली, म्हणजे फसवणुकीचा प्रश्न नाही. विकणाऱ्याने मात्र सांगितलं होतं की मास्टर क्वालिटी आहे, वॉटरप्रूफ आहे, मशीन स्विस आहे. हे तीन दावे तपासायचे म्हणून लग्न आटोपल्यावर मी ती मागून घेतली आणि आमच्या ओळखीच्या घड्याळवाल्या काकांकडे घेऊन बसलो, त्यांनी जळगावात आयुष्यभर हेच काम केलंय.

तुलना कशाशी करायची ते आधी. सबमरिनर हे मॉडेल १९५३ पासून चालू आहे आणि ही कॉपी ज्याची आहे ते २०२० साली आलेलं ४१ मिलिमीटरचं, नंबर १२६६१०एलएन, किंमत लाखांत. आत कॅलिबर ३२३५ नावाचं मशीन, एकदा पूर्ण चावी भरली की ७० तास चालतं, ३०० मीटर पाण्याची हमी, आणि दिवसाला २ सेकंदांपेक्षा जास्त मागे-पुढे होत नाही असं कंपनी सांगते.

आता कॉपीचं बाहेरचं रूप. खरं सांगतो, हातभर अंतरावरून मलाही ओळखू आली नसती. केसचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या स्टीलच्या डब्याचा, आकार बरोबर, पॉलिश छान, वजन भरपूर. साखरपुड्यात तं एका आजींनी हात धरून विचारलं, "हाई घडी सोनानी शे का रे भो?" म्हणजे सोन्याची आहे का. वजनावरून ओरिजिनल ठरवणारे खूप लोक भेटतात, पण जड स्टील आज कोणीही टाकतं, त्याने काही सिद्ध होत नाही. स्टील नेहमीचं ३१६एल जातीचं आहे की रोलेक्सवालं ९०४एल हेही डोळ्यांना कळत नाही, फरक घामाने आणि खाऱ्या पाण्याने गंजण्यात आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात मनगटावर किती घाम असतो ते भुसावळवाल्यांना सांगायला नको. दुरंगी, सोनेरी पट्टीवाल्या कॉप्या तं अजिबात घेऊ नका, तो मुलामा असतो आणि पट्ट्याच्या कडेपासून उडायला लागतो.

भिंग लावलं की मात्र एकेक गोष्ट दिसायला लागते. तारखेवरचं फुगीर भिंग ओरिजिनलमध्ये तारीख अडीच पट मोठी दाखवतं, आकडा जवळजवळ पूर्ण खिडकी भरतो, इथे तो मधोमध बारीक बसलाय. डायलच्या कडेच्या स्टीलच्या रिंगवर रोलेक्स रोलेक्स असं गोल कोरलेलं असतं ते इथेही आहे, पण अक्षरं मिनिटाच्या खुणांशी जुळत नाहीत. ६ च्या खाली स्विस आणि मेड या शब्दांच्या मध्ये नव्या मॉडेलला इवलासा मुकुट असतो, तो या कॉपीवाल्याने टाकलाय, त्याबद्दल त्याला मानलं, पण छपाईची कड फुटलेली आहे. अंधारात ओरिजिनल निळं चमकतं, ही हिरवट चमकते आणि झोप लागायच्या आत विझते. बेझल फिरते एकाच बाजूला, बरोबर आहे, पण बोटाने हलवली की थोडी खुळखुळते. काच सफायर, म्हणजे कृत्रिम नीलमण्याची, आहे म्हणे, म्हणून सराफ बाजारातल्या एका मित्राकडे हिरा तपासायचं पेन लावून पाह्यलं, सफायरवर ते थोडंफार रीडिंग देतं, साध्या काचेवर देत नाही, आणि इथे काहीच आलं नाही. म्हणजे साधी मिनरल काच. पट्ट्याच्या लॉकच्या आतल्या कडा धारदार आहेत, मनगटाचे केस ओढतात.

सेकंद काट्याबद्दल जरा थांबून सांगतो कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. दुकानात काटा सरकताना दाखवतात, पहा टिकटिक करत नाही म्हणजे असली. अरे भाऊ, कुठलंही ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं घड्याळ, असंच सरकतं! बघायचं ते सरकण्याचा बारीकपणा. ओरिजिनलमधलं ३२३५ मशीन तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ८ पावलं, आणि स्वस्त चिनी मशीन २१,६०० ची असतात, सेकंदाला ६. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये शूट केलं की सहज मोजता येतं, या घड्याळात ६ च निघाली. उलट मात्र धरू नका हं, महागड्या कॉप्यांत २८,८०० वाली मशीन पण येतात, त्यामुळे ८ आली म्हणजे असली असं नाही, ६ आली म्हणजे हे मॉडेल नक्की नकली एवढंच.

मग काकांनी झाकण उघडलं. आत फिरणाऱ्या वजनावर छान कोरीव चकचकीत पत्रा, तो बाजूला केला तं खाली डीजी २८१३ घराण्यातलं साधं चिनी मशीन. स्विसचा दावा तिथेच संपला. मशीन वाईट नाही, स्वस्त घड्याळात ते चालतंच, वाईट ते लपवणं. बाजूची चावी बाहेर ओढली तरी सेकंद काटा थांबत नव्हता, ओरिजिनलमध्ये थांबतो. टायमिंगच्या यंत्रावर डायल वर ठेवली तं दिवसाला वीसेक सेकंद पुढे, चावी खाली धरली तं मागे जायला लागली, म्हणजे जुळवणी कोणी केलेलीच नाही. काढून ठेवली की दीड दिवसात बंद.

आणि वॉटरप्रूफ! चावीवर तीन ठिपके कोरलेत, ओरिजिनलमध्ये ती खूण ट्रिपलॉक नावाच्या सीलबंद रचनेची, इथे नुसती नक्षी. झाकणाखालचं रबर वायरसारखं बारीक आणि कोरडं. हळदीच्या दिवशी भावाने नळाखाली हात धुतले तेव्हाच काचेत आतून वाफ धरली होती, तेवढ्याने मशीनच्या स्क्रूवर तांबूस डाग आलेत. ३०० मीटर सोडा, बेसिनलाही उतरली नाही. मला सगळ्यात जास्त राग या दाव्याचा आला, कारण वॉटरप्रूफ ऐकून पोरगा उद्या हेच घालून तापीत उतरणार.

एए, एएए, ७ए, मास्टर, सुपर क्लोन या ग्रेड कोण ठरवतं? विकणारा. आपण जळगावचे लोक, सोनं घेताना हॉलमार्क बघतो, १ एप्रिल २०२३ पासून दुकानात एचयूआयडीशिवाय, म्हणजे त्या दागिन्याच्या ६ अक्षर-आकड्यांच्या ओळख क्रमांकाशिवाय, हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि इथे मात्र तोंडी ७ए ऐकून हजारो रुपये मोजतो. शिवाय ट्रेड मार्क्स कायदा १९९९ प्रमाणे खोट्या मार्कचा माल विकणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, म्हणून पक्कं बिल मिळत नाही, आणि बिल नाही तं वाफ धरल्यावर भांडणार कशाच्या जोरावर.

साडेसहा हजारात काय घ्यायचं? डायव्हर ढंगच पाहिजे तं कॅसिओ ड्यूरो बघा, साधारण याच बजेटमध्ये बसतं, २०० मीटर आहे आणि ते खरंच २०० मीटर आहे. लग्नाला शोभेल असं पाहिजे तं टायटनचं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, सेल कुठल्याही गावात बदलून मिळतो. काकांच्या टेबलावर त्याच वेळी एक एचएमटी जनता उघडी पडलेली होती, कोणाच्या तरी आजोबांची, तिचे सुटे भाग अजून निघतात. या कॉपीचं मशीन बिघडलं तं दुरुस्ती करत नाहीत, अख्खं बदलतात, आणि त्याने केस नीट बंद होईल याची खात्री नाही.

सेकंडहँडवाल्यांनी तं जास्तच सांभाळा. हीच घड्याळं वर्ष-दोन वर्षांनी दुबईहून आणलंय, पैशाची नड आहे म्हणून काढतोय असं सांगून पन्नास-साठ हजाराला फिरतात, बॉक्स आणि कार्ड सगळं सोबत, ते पण छापलेलं. पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याला घेऊन कुठल्याही चांगल्या घड्याळजीकडे जा आणि समोर झाकण उघडायला लावा, पाच मिनिटांचं काम आहे. तो नको म्हणाला तं तिथूनच परत या.