डायरी, मोबाईल की चार खणांची चौकट?

जानेवारीत मेन रोडवरून नवी डायरी आणायची, पहिली पंधरा पानं सुबक अक्षरात भरायची आणि फेब्रुवारीपासून तिच्यावर चहाचा कप ठेवायचा, हे मी बरीच वर्षं केलं. नाशिकला शालिमारजवळ माझं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस (कापलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण), २० ला ३बी (जीएसटीचं एकूण विवरण). त्यामुळे वेळेचं काहीतरी करणं भागच होतं.

ठरलेल्या तारखांसाठी मोबाईलच्या कॅलेंडरला तोड नाही. एकदा लावलं की दर महिन्याला वाजतं, आणि फुकट आहे. मी ११ ची आठवण ८ लाच वाजवतो, बिलं गोळा व्हायला दोन दिवस जातातच. खोट एकच: बेल वाजली की बोट आपोआप सरकतं. गंगापूर रोडच्या सिग्नलला मी एक आठवण अशीच घालवली. ३बी ला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क. अशिलाचं ते शुल्क मी माझ्या खिशातून भरलं.

डायरी वाजत नाही. पण राहिलेलं काम दुसऱ्या दिवशीच्या पानावर हातानं उतरवावं लागतं, तिथेच तिची गंमत आहे. 'पिंपळगावचे द्राक्षवाले, बँक मेळ' (म्हणजे बँकेच्या नोंदी हिशेबाशी जुळवणं) ही ओळ मी सलग पाच दिवस लिहिली. पाचव्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली. बघतो तर बँकेचं स्टेटमेंटच माझ्याकडे आलेलं नव्हतं. काम मेळाचं नव्हतंच, दोन मिनिटांच्या फोनचं होतं! ॲपमध्ये मी 'उद्या' दाबत राहिलो असतो.

तिसरी ती चौकट: तातडीचं आणि महत्त्वाचं यांचे चार खण. अमेरिकेचे एके काळचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं नाव तिला चिकटलंय. १९५४ च्या एका भाषणात त्यांनी हा फरक मांडला होता, तोही एका कॉलेजच्या माजी अध्यक्षांचं वाक्य म्हणून. चौकट आखली ती नंतरच्यांनी. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण 'अर्जंट आहे हो' म्हणतच जिना चढतो, म्हणजे 'तातडीचं आणि महत्त्वाचं' हा पहिला खण रोज फुगणार. रोज भरायला ती निरुपयोगी. रविवारी सकाळी वीस मिनिटं काढली तर मात्र 'महत्त्वाचं पण घाई नाही' या खणात काय साचलंय ते दिसतं. माझ्या तिथे नव्या मुलाला काम शिकवणं चार महिने पडून होतं.

तारखा चुकत असतील तर मोबाईल घ्या. तारखा पाळूनही मोठं काम तसंच राहत असेल तर डायरी, आणि तीही दिवसाला एक पान असलेली. आठवडा एका पानावर कोंबलेली नको. मी रोज तीनच ओळी लिहितो. चौथी सुचली तर आधीची एक खोडतो.

घरातल्या सगळ्यांना कळायला हवं असेल तर भिंतीवरचं कालनिर्णयच बरं. सिलिंडर कधी लावला आणि दुधाचे खाडे किती, हे आमच्याकडे अजून तिथेच बघतात.