सुरू न होणारी मोटारसायकल: कार्ब्युरेटर बरा की इंजेक्शन?

वापरलेली मोटारसायकल घेताना जुनी कार्ब्युरेटरची गाडी घ्यावी की एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (प्रदूषणाचे मानक) इंजेक्शनची, हा प्रश्न हमखास पडतो. कार्ब्युरेटर पेट्रोल आणि हवा यांत्रिक रीतीने मिसळतो, तर इंजेक्शनमध्ये छोट्या संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारले जाते. मायलेज आणि ताकद यांवर भरपूर बोलले जाते, म्हणून ते इथे बाजूला ठेवतो. बटण दाबूनही इंजिन पकडत नाही, अशा सकाळी मालकाला स्वतःच्या हाताने काय करता येते, एवढ्याच कसोटीवर मी या दोन्ही प्रकारांकडे पाहतो. दोन्ही गाड्या मी कोकणातल्या पावसाळ्यात वापरल्या आहेत. माझी गाडी रोज चालत नाही, कधी कधी पंधरवडाभर पडवीत उभी असते, हे मात्र वाचकाने आधीच ध्यानात घ्यावे, कारण माझे मत त्यावरच बेतलेले आहे.

किल स्विच, साइड स्टँड, न्यूट्रल आणि टाकीतले पेट्रोल ही पहिली तपासणी दोन्हीकडे सारखीच. खरा फरक त्यानंतर सुरू होतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीचा मोठा गुण म्हणजे तिचा दोष डोळ्यांना दिसतो. स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा भाग) काढून त्याच्या वायरच्या कॅपमध्ये बसवायचा, त्याच्या भोकापासून दूर इंजिनाच्या फिनला टेकवायचा आणि किक मारायची. निळसर, ठसठशीत ठिणगी पडली तर विजेचा भाग बहुधा ठीक आहे. काढलेला प्लग ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, कोरडा असेल तर ते वाटेत अडले आहे. मग फ्लोट चेंबरच्या (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल येते का, ते पाहायचे. प्लग पाना आणि स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर निम्मे निदान होते. एसी सीडीआय असलेल्या, म्हणजे ठिणगीसाठी बॅटरीऐवजी इंजिनाने तयार केलेली वीज वापरणाऱ्या, गाड्या तर बॅटरी पूर्ण उतरली तरी किकवर सुरू होतात. ज्याला स्वतः हात घालायची आवड आहे, त्याला ही गाडी निराश करत नाही, हे मी मनापासून मान्य करतो.

इंजेक्शनची गाडी अशी उघड बोलत नाही. चावी फिरवल्यावर टाकीतल्या पंपाचा दोन-तीन सेकंद घरघर आवाज येतो. तो आला नाही तर फ्यूज, रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच) आणि बॅटरी याच क्रमाने पाहावे. गाडी आडवी पडून उचलली असेल तर कलता सेन्सर इंजिन बंद ठेवतो, आणि अनेकदा चावी एकदा बंद करून पुन्हा चालू करणे एवढेच पुरते. काही गाड्यांत चेक इंजिनचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून दोषाचा कोड सांगतो. त्यापुढचे काम मात्र स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडेच जाते. पंप बिघडला तर खर्चही कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल जाण्याचा बारीक भोकाचा भाग) साफ करण्यापेक्षा बराच जास्त येतो. टाकी सतत रिकामी ठेवून पंप तापवू नये, हे त्यावरचे साधे पथ्य.

इतके असूनही माझे पारडे कार्ब्युरेटरकडे झुकले नाही आणि त्याचे कारण एकच: पायलट जेट, म्हणजे मंद चालीला पेट्रोल पुरवणारा जेट. गाडी उभी राहिली की फ्लोट चेंबरमधले पेट्रोल हळूहळू उडते आणि मागे चिकट साका राहतो. त्यात आता पंपावर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते; इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि पावसाळ्यात आमच्याकडे ओलाव्याची कमतरता नसते. चेंबर उघडल्यावर तळाशी पांढरट बुरशीसारखा थर दिसतो तो याचाच. मग गाडी चोकवर (थंड इंजिनासाठी मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणाऱ्या खटक्यावर) सुरू होते आणि चोक सोडताच बंद पडते. पितळी जेट काढून उजेडासमोर धरला की केसाएवढ्या भोकातून प्रकाश आरपार येत नाही. पोलादी तार घातली तर भोक मोठे होते, म्हणून वायरमधली तांब्याची एक बारीक तार वापरायची, वर हवेचा झोत मारायचा आणि सगळे पुन्हा बसवायचे. काम अवघड नाही. पण गाडी पुन्हा पंधरा दिवस उभी राहिली की तेच काम पुन्हा, आणि तेही नेमके निघायच्या वेळी. सोपा पण न संपणारा हा दोष मला अखेर नकोसा झाला.

इंजेक्शनमध्ये पेट्रोल बंद नळीत दाबाखाली असते, त्यामुळे हा प्रकार माझ्या अनुभवात जवळजवळ नाहीसा झाला. त्याबदल्यात बॅटरीची काळजी घ्यावी लागते. उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटरने साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली गेला, तर इंजिन फिरते पण ईसीयू (इंजेक्शन चालवणारा छोटा संगणक) नीट काम करत नाही आणि गाडी पकडत नाही. पूर्ण मेलेल्या बॅटरीवर किकही भरवशाची नसते, कारण पंपाला आणि ईसीयूला थोडी तरी वीज लागतेच. तरीही हा दोष आधीच टाळता येतो: गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तेव्हा मी निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवतो.

तुमची गाडी रोज चालत असेल, किंवा जवळचा मिस्त्री कार्ब्युरेटरचाच जाणकार असेल, तर जुनी गाडी घेण्यात मला गैर वाटत नाही. रोजच्या वापरात जेट सहसा तुंबत नाही. पण गाडी आठवड्यातून एखाद्या वेळी निघणार असेल, तर इंजेक्शनचीच पाहावी, आणि शक्यतो किक असलेली, म्हणजे अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर पायाचा आधार राहतो. बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असताना चावी फिरवून पंपाचा आवाज ऐका आणि इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट येतात का, ते मोजा. ते येत नसतील तर चार्जिंग दुरुस्त झाल्याखेरीज व्यवहाराचे बोलू नका.