ताप 102, ‘किडनीवर लोड’ आणि घरी येणारा ‘डॉक्टर’

डोंबिवली-कल्याण पट्ट्यात कुत्रं-मांजर पाळणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरून एक इसम फिरतोय. घरी येतो, तपासतो, रक्त नेतो, रात्री मोबाइलवर रिपोर्ट पाठवतो आणि सकाळी इंजेक्शनांचा कोर्स गळ्यात मारतो. नाव लिहीत नाही. एक तर तक्रार दिलेली आहे, आणि नाव तो बदलतोच. पद्धत बदलत नाही, म्हणून पद्धत सांगते.

आमची चिंगी सहा वर्षांची, सात किलोची. घेताना पॉमेरियन म्हणून दिली होती. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून विकतात ते बहुतेक इंडियन स्पिट्झच असतात, तशीच ही. पावसाळा सरता सरता तिचं खाणं तुटलं. दूध-पोळी हुंगायची आणि तोंड फिरवायची. मधे एखादा दिवस अगदी ठणठणीत, की पुन्हा सोफ्याखाली. उलटी नाही, जुलाब नाही, लंगडणं नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं, फरक नाही पडला तर रक्त तपासू म्हणाले, आणि नेमके घरच्या लग्नाला गावी गेले. मुक्या जिवाला काय होतंय ते कळत नाही तेव्हा घरातल्या सगळ्यांचं डोकं फिरतं. सासूबाई तिची दृष्ट काढत होत्या, मुलगा रात्रभर मोबाइलवर लक्षणं शोधत होता. अशात कुणीतरी ग्रुपवर त्याचा नंबर टाकला.

माणूस बोलायला गोड. निळा डॉक्टरी ड्रेस, पाठीला सॅक, चिंगीला ‘बाळ’ म्हणणं. थर्मामीटर लावला आणि माझ्यासमोर धरला. ‘‘बघा ताई, 102.2. अंगात चांगलाच ताप मुरलाय.’’ आकडा खरा होता, डोळ्यांनी पाहिला. आपल्या घरात कुणाला 102 ताप आला की आपण मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवतो, त्यामुळे काळजात धस्स झालं. पण कुत्र्याचं नॉर्मल तापमानच साधारण 100.5 ते 102.5 असतं. ते मला नंतर परळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात कळलं. त्याला नक्कीच आधीपासून माहीत असणार.

रात्री रिपोर्टची पीडीएफ आली. छापील, बारकोड वगैरे. तीन-चार आकडे जाड ठशात. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, 1.3, पुढे ‘जास्त’. एमसीव्ही 68, पुढे ‘कमी’. सकाळी स्वारी हजर. ‘‘किडनीवर लोड आलाय, रक्त पातळ पडलंय. इम्युनिटीचा कोर्स करावा लागेल, इम्पोर्टेड आहे.’’ एक इंजेक्शन 2,200 रुपये, एक दिवसाआड. पैसे जीपेवर, तेही तिसऱ्याच कुणाच्या नावावर. औषधाचं नाव लिहून मागितलं तर म्हणे, ‘‘ताई, बाहेर मिळत नाही, लिहून काय करणार?’’ बाटलीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली.

आणि इंजेक्शन लागू पडलं की हो! त्याच संध्याकाळी चिंगीने वाटी चाटूनपुसून साफ केली, शेपटी हलवत दारापर्यंत गेली. पाणी मात्र भांडंच्या भांडं पीत होती आणि कधी नव्हे ते हॉलमध्ये सू करत होती. ‘‘किडनी धुऊन निघतेय,’’ त्याचं उत्तर. परिणाम ओसरला की ती पुन्हा मलूल, की पुन्हा इंजेक्शन, की पुन्हा टवटवीत. असं चालू असताना एका सकाळी तिच्या पोटावर, केस विरळ असतात तिथे, टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले. दुपारी नाकातून रक्त आलं. त्याला फोन केला तर ‘‘उष्णता बाहेर पडतेय.’’

ह्यांनी सरळ गाडी काढली आणि परळ गाठलं. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 सालचं आहे, तिथे शिकणारी पोरं आणि शिकवणारे प्राध्यापक दोन्ही एकाच टेबलाभोवती असतात, गर्दी असते, थांबावं लागतं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पीडीएफ उघडली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘हा माणसांच्या लॅबचा रिपोर्ट आहे ना?’’

तो माणसांच्याच लॅबचा होता. नॉर्मलच्या रकान्यात स्त्री-पुरुषांचे आकडे. माणसाच्या लाल पेशीचा आकार, म्हणजे ते एमसीव्ही, 80 ते 100 असतं. कुत्र्याचं 60 ते 77च्या आसपास. म्हणजे धडधाकट कुत्र्याचं रक्त त्या कागदावर नेलं तरी ‘कमी’च छापून येणार. क्रिएटिनिन 1.3 माणसांतल्या बायकांच्या हिशेबात जास्त, कुत्र्याच्या हिशेबात चालण्यासारखं. सातवीच्या पोराला दहावीचा पेपर द्यायचा आणि नापास म्हणून शिकवणी लावायची, तसला प्रकार. बाई म्हणाल्या की मशीनसुद्धा प्राण्यांच्या पेशींच्या मापाला लावावं लागतं, नाहीतर मोजणीच भरवशाची नाही.

पण माझा खरा संताप झाला तो पुढच्या गोष्टीने. त्याच कागदावर खाली प्लेटलेट्स, म्हणजे वाहतं रक्त थांबवणाऱ्या पेशी, लिहिल्या होत्या, 61 हजार. कुत्र्याला साधारण दोन ते पाच लाख लागतात. भरवशाची मोजणी नसली तरी इतका खाली गेलेला आकडा दिसला की कुणीही थांबून बघेल. सबंध रिपोर्टमध्ये लक्ष द्यावं असा तोच एक आकडा, आणि त्याबद्दल हा माणूस चकार शब्द बोलला नव्हता. प्लेटलेट्सवर इम्युनिटीचा कोर्स खपत नाही ना.

बाईंनी कानाच्या कडेवरून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, प्लेटलेट्स पुन्हा मोजल्या (त्याहून खाली होत्या), गोचीड तापाची किट टेस्ट केली. एर्लिकिया निघाला. तपकिरी गोचिडीतून येणारा जंतू. पांढऱ्या पेशींत शिरतो, प्लेटलेट्स पाडतो. ताप मधे मधे येतो-जातो, भूक जाते, वरकरणी काहीच दिसत नाही, कधी कधी महिनोन्महिने. काचपट्टीवर तो दर वेळी सापडतोच असं नाही, म्हणून किटही करतात. आपल्या हवेत गोचिडी बाराही महिने असतात, त्यामुळे ‘कुत्रं उगाच मलूल आहे’ म्हटलं की आधी हाच संशय घ्यायचा, असं त्या म्हणाल्या. औषध डॉक्सिसायक्लिन, साधारण चार आठवडे, खाण्याबरोबर. महिन्याचा खर्च त्याच्या एका इंजेक्शनापेक्षा कमी आला.

इंजेक्शन काय होतं? कचऱ्याच्या पिशवीतून ह्यांनी रिकामी बाटली उचलून ठेवली होती. परळच्या बाकावर बसून मी नखाने पट्टी सोलली. डेक्सामेथासोन. स्टेरॉइड. किंमत शंभराच्याही आत. म्हणून भूक, म्हणून तहान, म्हणून ती हॉलमधली सू. स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे, गोचीड तापात प्लेटलेट्स फार पडल्या तर काही वेळा डॉक्टर स्वतःच देतात; पण ते निदान झाल्यावर आणि जंतूवरच्या औषधासोबत. इथे आत आजार वाढत होता आणि वर शेपटी हलत होती.

घरी येणारे सगळे असले नसतात. उत्तम डॉक्टर घरी येतात, म्हाताऱ्या कुत्र्यांना त्याचा मोठा आधार असतो. फक्त दारातच नोंदणी क्रमांक विचारा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 सालचा आहे, त्याप्रमाणे नोंदणी असलेल्या पशुवैद्यालाच प्रॅक्टिस करता येते, पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. आणि नोंदणी राज्य परिषदेकडे. खरा डॉक्टर क्रमांक सांगताना चिडत नाही, चिठ्ठीवर छापलेलाच असतो. आमच्या या गृहस्थांनी ‘‘सर्टिफिकेट गाडीत आहे’’ सांगितलं होतं. रिपोर्टवर कुत्रा हा शब्द आणि कुत्र्याचे नॉर्मल आकडे आहेत का ते बघा. बाटलीचं लेबल वाचा, फोटो काढा. लेबल झाकलेलं असेल तर सुई टोचू देऊ नका, बाळ म्हणो की बछडा.

आम्ही राज्य परिषदेकडे आणि पोलिसांत अर्ज दिलाय, बाटली आणि पीडीएफ जोडून. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, त्यामुळे तीही तयारी चालू आहे. कुणाकडे त्याच्या जीपेच्या पावत्या असतील तर जपून ठेवा, एकापेक्षा जास्त तक्रारदार लागतील.

चिंगीच्या प्लेटलेट्स परवाच्या तपासणीत 1.7 लाखांवर आल्यात, गोळ्या चालू आहेत. आणि काल शेजारच्या कॉम्प्लेक्समधल्या मैत्रिणीने त्यांच्या ग्रुपवरचा एक मेसेज पुढे पाठवला: ‘घरपोच पेट डॉक्टर, रक्ततपासणीसह’. नंबर नवा आहे. फोटो तोच.