सहृदय श्वानप्रशिक्षणाचा कोर्स: पावसाळाभर वापरून

दापोलीत माझं कुत्र्यांचं बोर्डिंग आणि ग्रूमिंगचं काम आहे. पेट प्रोफेशनल्ससाठीचा हा ऑनलाइन कोर्स मे महिन्यात संपवला आणि पावसाळाभर रोज वापरला. त्यातलं सगळ्यात मोलाचं म्हणजे कुत्र्याला नकार देता येऊ देणं.

नखं कापताना कुत्रा हनुवटी टॉवेलवर टेकवतो. टेकलेली आहे तोवर काम चालू. उचलली की कटर बाजूला. 'मी हनुवटी उचलली की माणसं थांबतात' हे कुत्र्याला एकदा कळलं की तो स्वतःहून परत हनुवटी ठेवतो. सुरुवातीला नखाला हातच लावायचा नाही. नुसतं टेकवणं आणि उकडलेलं चिकन. पावसात गोचिडांनी हैराण झालेली, कानाला हात लावू न देणारी कुत्री येतात; त्यांना दोघांनी दाबून धरायची वेळ आता क्वचितच येते. ओठ चाटणं, अवेळी जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, ही अस्वस्थता बहुतेकदा गुरगुरण्याआधी दिसते. गुरगुरला म्हणून मारलं तर भीती आत राहते आणि इशारा तेवढा बंद होतो. मग कुत्रा थेट चावतो. एवढा एक धडा तरी प्रत्येक ग्रूमरने शिकावाच.

'कुत्र्यावर वचक हवा' म्हणणारे काका आपल्याकडे घरोघरी. त्यांच्याशी बोलायला आता आधार आहे. कळपाच्या 'अल्फा'ची, म्हणजे सगळ्यांवर वचक ठेवणाऱ्या म्होरक्याची, कल्पना १९४७ साली बंदिस्त लांडग्यांच्या अभ्यासातून पुढे आली. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये मांडलं. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा बक्षिसाच्याच पद्धती सुचवल्या आहेत.

कोर्स कमी कुठे पडतो? कुंपण घातलेलं अंगण आणि पट्ट्यातला कुत्रा गृहीत धरलाय. आपली कुत्री पडवीत, वाडीत मोकळी, वर माकडं. फटाके-ढोलांवर जेमतेम एक छोटा भाग आहे. तरी त्यातली रीत गणपतीच्या आधीपासून वापरली: ढोलाचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात, लगेच खाऊ, कुत्रा निवांत असेल तरच आवाज थोडा वाढवायचा. बोर्डिंगमधला एक लॅब्रेडॉर आरत्यांच्या वेळी खाटेखालून बाहेर आला, जेवलासुद्धा. शिमग्यासाठी आतापासून तयारी चालू आहे.

सगळं इंग्रजीत असल्याने मदतनीस मुलाला मलाच मराठीत समजवावं लागतं. घरी एकच पिल्लू असेल तर एवढा खर्च नको. पण ग्रूमर, बोर्डिंगवाले, दवाखान्यातले मदतनीस यांनी जरूर करावा. आपण पाठवलेला व्हिडिओ थांबवून थांबवून शिक्षक चुका दाखवतात, नुसत्या त्याच्यासाठीसुद्धा मी पुन्हा पैसे भरेन.