ऑल-व्हील-ड्राइव्ह एक्सयूव्ही७००: गाडी खाली बसवायची की चाकं मोठी करायची?

भाचा अडकलाय: गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग घ्यायच्या की २० इंची ॲलॉय चाकं? ‘स्पोर्टी राइड’ वगैरे जाहिरातीतलं बाजूला ठेवू.

खर्चात स्प्रिंग स्वस्त, मजुरी आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) धरूनही. २० इंचीचे टायर पुढेही दर वेळी महागच पडतात.

खरी मेख टिकाऊपणात आहे. मूळ टायर २३५/६० आर१८: रुंदी २३५ मिमी, रिम १८ इंची आणि रबराची भिंत रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १४१ मिमी. २५५/४५ आर२० घातला तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, स्पीडोमीटर फसत नाही. पण भिंत ११५ मिमीवर येते. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, आणि तिथेच रिम वाकते, टायरला फुगा येतो. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत तीन झिजलेले आणि एक नवा टायर चालत नाही. व्यासातल्या फरकाने पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारं कपलिंग तापतं. म्हणजे एक गेला की बहुधा चारही.

गाडी तीसेक मिमी खाली आणली तर वळणावर झुकणं कमी होतं. पण मूळचे शॉक ॲब्सॉर्बर लवकर गळतात, चाकांना ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचे कोन बदलतात. पाच माणसं बसवून सोसायटीचा गतिरोधक ओलांडा, पोट घासलंच!

दोन्हींसाठी विमा कंपनीला आधी विचारा.

हायवेवर एकटा-दुकटा चालवणाऱ्याने जुळणाऱ्या शॉकसह स्प्रिंग घ्याव्यात. नुसता रुबाब हवा असेल तर २० इंची सोडून २३५/५५ आर१९. दर महिन्याला सामानासकट कोकणात जाणाऱ्याने दोन्ही टाळून १८ इंचीतच उत्तम टायर घ्यावेत.